डॉ. डोरोथी अँडरसन आणि बाळाच्या वाटीतले तूप

आपल्या सीमाभागात तान्हे बाळ बाळसे धरेना, की घरात पहिली शंका दृष्टीची येते. मीठ-मोहऱ्या ओवाळून होतात, बाळगुटीत एखादे वळसे वाढते, आणि तरीही वजनाचा काटा हलला नाही तर बाळाला बेळगावच्या किंवा निपाणीच्या डॉक्टरांकडे नेले जाते. बहुतेक वेळा कारण साधेच निघते. आईचे दूध पुरत नसते, वरचे अन्न उशिरा सुरू झालेले असते किंवा जुलाबांनी बाळ खंगलेले असते. पण क्वचित एखादे बाळ वेगळेच असते. ते सदा भुकेले असते, पोटभर पिते, मागून मागून खाते आणि तरी त्याचे हातपाय काडीसारखे राहतात. पोट तेवढे फुगते. शी भरपूर, तेलकट आणि फार दुर्गंधीची होते. खोकला जाता जात नाही. अशा बाळांच्या शरीरात नेमके काय बिघडलेले असते हे ज्यांनी जगाला प्रथम नीट दाखवून दिले, त्या डॉ. डोरोथी हॅन्सीन अँडरसन यांचा परिचय या अंकात आम्ही करून देत आहोत. त्या आजाराला सिस्टिक फायब्रोसिस म्हणतात.

अँडरसनबाईंचे मोठेपण आता सर्वमान्य आहे. आम्हाला त्यांचे चरित्र निवडावेसे वाटले त्याला आणखी एक कारण आहे. या बाळांनी काय खावे याबद्दल बाईंच्या काळात जो सल्ला रूढ झाला, तो पुढे उलटा फिरवावा लागला. आणि तशाच जातीचा सल्ला आपल्या घरोघरी आजही ऐकू येतो : पोट बिघडले ना, मग दूध-तूप बंद करा.

डोरोथी यांचा जन्म १५ मे १९०१ रोजी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात ॲशव्हिल या डोंगराळ गावी झाला. वडील हान्स पीटर अँडरसन मूळचे डेन्मार्कचे. आईवडिलांचे हे एकुलते एक अपत्य. १९१४ मध्ये, डोरोथी १३ वर्षांच्या असताना, वडील वारले. आई आजारी असे. तिची शुश्रूषा करीतच या मुलीने शाळा पुरी केली. मायलेकी उत्तरेकडे व्हरमाँट राज्यातील सेंट जॉन्सबरी या गावी राहायला गेल्या आणि १९२० मध्ये आईही गेली. एकोणिसाव्या वर्षी जवळचे म्हणावे असे कोणी उरले नाही. आमच्या विद्यार्थिनींनी हे वय लक्षात घ्यावे. त्या तेव्हा कॉलेजात होत्या आणि शिक्षणाचा भार त्यांनी स्वतःच उचलला. १९२२ मध्ये माउंट होलिओक कॉलेजातून त्या पदवीधर झाल्या आणि १९२६ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून डॉक्टर. तिथे त्यांना फ्लॉरेन्स सॅबिन यांच्या प्रयोगशाळेत काम करायला मिळाले. सॅबिनबाई त्या वैद्यकीय महाविद्यालयातील पहिल्या महिला प्राध्यापक. विद्यार्थिदशेतच डोरोथींचे दोन शोधनिबंध छापून आले.

त्यांना शल्यविशारद व्हायचे होते. एक वर्ष शरीररचनाशास्त्र शिकवून त्यांनी रॉचेस्टरच्या इस्पितळात शस्त्रक्रियेच्या विभागात उमेदवारीही केली. पुढच्या प्रशिक्षणाची वेळ आली तेव्हा मात्र बाई असल्यामुळे त्यांना जागा नाकारण्यात आली. आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या त्या १८८६ मध्ये. म्हणजे त्यानंतर ४० वर्षे उलटून गेल्यावरही अमेरिकेत ही स्थिती होती. डोरोथी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेल्या आणि विकृतिशास्त्राकडे, म्हणजे पॅथॉलॉजीकडे वळल्या. १९३५ मध्ये त्यांनी तिथली संशोधनाची डॉक्टरेट मिळवली आणि त्याच सुमारास त्या विद्यापीठाशी जोडलेल्या बेबीज हॉस्पिटलमध्ये पॅथॉलॉजिस्ट म्हणून रुजू झाल्या.

लहान मुलांच्या इस्पितळातील पॅथॉलॉजिस्टचे काम मन घट्ट करून करावे लागते. जी बाळे वाचली नाहीत, ती का वाचली नाहीत याचा शोध त्यांच्या देहातून घ्यायचा. बाईंनी हे काम अतिशय निगुतीने केले. जन्मतःच दोष असलेल्या हृदयांचा मोठा संग्रह त्यांनी केला. मुलांच्या हृदयावरील शस्त्रक्रिया बाल्यावस्थेत होत्या त्या काळात, हृदयात कुठे काय चुकीचे जोडलेले असते हे शल्यविशारद या संग्रहावरून बाईंकडे शिकले. ज्यांना शल्यविशारद होऊ दिले नाही त्यांच्याकडेच शल्यविशारद शिकायला आले, हे आम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही.

१९३५ च्या सुमारास त्यांच्यासमोर एका लहान मुलीचा देह आला. कागदावर आजाराचे नाव होते सिलिॲक. त्या काळी, खाल्लेले अंगी लागत नाही आणि शी तेलकट होते अशा बहुतेक मुलांना हेच नाव चिकटवले जाई. गव्हातील एका प्रथिनामुळे सिलिॲक होतो हे तर १९५० च्या आगेमागे हॉलंडमधील डॉक्टरांनी दाखवले. त्यापूर्वी अशा मुलांना केळ्यांवर ठेवण्याची पद्धत होती. बाईंनी त्या मुलीचे स्वादुपिंड पाहिले आणि त्या थांबल्या. सिलिॲकमध्ये स्वादुपिंडाला असे काही होत नाही. इथे तर त्यातील नळ्या घट्ट, चिकट स्रावाने तुंबल्या होत्या. जागोजागी पाण्याच्या फोडासारख्या पिशव्या झाल्या होत्या आणि मधला भाग जखम भरून येताना होतो तसा निबर, तंतुमय झाला होता. पिशव्या म्हणजे सिस्ट आणि तंतुमय होणे म्हणजे फायब्रोसिस. नाव पडले ते असे.

दुसरा एखादा डॉक्टर एवढी नोंद करून पुढच्या कामाला लागला असता. बाईंनी इस्पितळातील जुने शवविच्छेदनाचे अहवाल बाहेर काढले, जपून ठेवलेले नमुने पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घातले, इतर ठिकाणची व छापून आलेली उदाहरणे जमवली. एकूण ४९ मुले झाली. १९३८ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. स्वित्झर्लंडचे गुइडो फँकोनी यांनी १९३६ मध्ये अशा मुलांचे वर्णन केले होते, हे खरे. पण जन्मतःच आतडे तुंबलेली बाळे, पहिल्या काही महिन्यांत छातीच्या विकाराने जाणारी बाळे आणि जराशी मोठी होऊन खंगत जाणारी मुले, या तिन्हींचा आजार एकच आहे हे स्पष्टपणे आणि पुराव्यानिशी मांडले ते बाईंनी.

स्वादुपिंड तुंबले म्हणून बाळ का खंगावे, हे आमच्या वरच्या वर्गातील मुलांना ठाऊक असेल. तरी थोडे सांगतो. आपण खाल्लेले तेल, तूप, दुधातली साय तशीच्या तशी रक्तात जात नाही. स्वादुपिंडातून येणारा पाचकरस तिचे बारीक तुकडे करतो, तेव्हा ती आतड्यात शोषली जाते. तो रस नळीतच अडकला, की स्निग्ध पदार्थ जसे आले तसे बाहेर पडतात. मोठ्या माणसाला त्याचा त्रास होतोच, पण तान्ह्या बाळाची गोष्ट फार निराळी. एक ग्रॅम पिठातून किंवा प्रथिनातून सुमारे ४ कॅलरी मिळतात आणि एक ग्रॅम स्निग्धातून ९. आईच्या दुधातील जवळजवळ निम्मी शक्ती स्निग्धातूनच येते. याच शक्तीवर बाळ पहिल्या वर्षात जन्माच्या वजनाच्या तिप्पट होते. ते स्निग्धच वाया गेले तर बाळ वाढणार कशावर? शिवाय अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्धात विरघळूनच शरीरात जातात. तीही हातची जातात. या मुलांच्या फुप्फुसांत आणि श्वासनलिकांत बाईंना अ जीवनसत्त्वाच्या अभावाच्या खुणा दिसल्या होत्या आणि फुप्फुसाचा विकार त्यातूनच होत असावा असा त्यांचा कयास होता. फुप्फुसातील स्रावही मुळातच घट्ट असतो, हे पुढे कळले.

मेलेल्या मुलाचा आजार ओळखून त्याच्या आईच्या पदरी काय पडणार? म्हणून प्रयोगशाळेत बसणाऱ्या या बाई जिवंत मुलांच्या खाटेपाशी आल्या. बालरोगाचे रीतसर शिक्षण झालेले नव्हते, तरी बारीक नळी बाळाच्या लहान आतड्याच्या तोंडाशी नेऊन तिथला रस काढायचा आणि त्यात पाचक एंझाइम आहेत की नाहीत ते तपासायचे, ही पद्धत त्यांनी रुळवली. पुढे त्याच इस्पितळात बालरोगतज्ज्ञ म्हणूनही त्या काम पाहू लागल्या. १९४६ मध्ये त्यांनी हा आजार आनुवंशिक असल्याचे, आणि आई व वडील दोघांकडून दोष आला तरच तो होतो असे दाखवले. आईवडील स्वतः ठणठणीत असतात. दोघेही तो दोष वाहत असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारातून एक वेळ आजारी बाळ होण्याची शक्यता असते.

इथे आम्हाला आपल्या भागाबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे. मामाची मुलगी करण्याची, काही घरांत मामा-भाचीच्या लग्नाचीही रीत आपल्याकडे सीमेच्या दोन्ही अंगांना आहे. एकाच घराण्यातील दोघांकडे तोच लपलेला दोष असण्याचा संभव अधिक असतो. यात कोणाच्या कुळाला कमीपणा नाही. मात्र नात्यात लग्न झालेले असेल आणि एखादे मूल असे खंगत असेल किंवा लहानपणीच गेलेले असेल, तर डॉक्टरांना ते आपणहून सांगावे. पुष्कळ जण संकोचाने सांगत नाहीत.

१९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये कडक उष्म्याची लाट आली. उष्माघाताने मुले इस्पितळात येऊ लागली, तेव्हा त्यांत याच आजाराची मुले फार आहेत असे तिथल्या डॉक्टरांच्या ध्यानात आले. डॉ. वॉल्टर केसलर आणि बाईंनी १९५१ मध्ये त्यावर लिहिले. १९५३ मध्ये त्यांचेच सहकारी डॉ. पॉल दि सांताग्नीज यांनी कारण शोधले : या मुलांच्या घामातून मीठ भलतेच जाते. युरोपातील जुन्या लोकांची एक समजूत होती की ज्या बाळाचे कपाळ चुंबताना खारट लागते ते बाळ जगत नाही. ती समजूत उगाच नव्हती म्हणायची. १९५९ पासून घाम काढून त्यातील क्षार मोजण्याची सोपी रीत आली आणि तीच आजही निदानाची मुख्य तपासणी आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. १९४० च्या दशकात बाईंपुढे प्रश्न होता की या मुलांना खायला काय द्यावे. जनावरांच्या स्वादुपिंडाची पूड मिळत होती, पण ती पोटातील आम्लात बरीचशी नष्ट होई. तेव्हा जे पचत नाही ते कमी द्यावे, हा विचार साहजिकच होता. प्रथिने भरपूर, जीवनसत्त्वे वरून आणि स्निग्ध बेताचे, असा आहार बाईंनी सुचवला आणि तो सर्वत्र रूढ झाला. पोट फुगणे कमी झाले, शीचा त्रास कमी झाला. आईवडिलांना बरे वाटले. जोडीला पेनिसिलिन आले, मुले पूर्वीपेक्षा अधिक जगू लागली आणि या आहाराचा जम बसला. साय काढलेले दूध, चरबीविरहित मांस, लोण्याचे नाव नाही, अशा ताटावर एक पिढी वाढली. वाढली म्हणजे फारशी वाढली नाही. मुले बुटकी आणि किडकिडीत राहत. हा आजाराचाच भाग आहे, असे सर्वांनी धरून ठेवले.

बाईंना स्वतःला हे पुढचे पाहायला मिळाले नाही. १९५२ मध्ये त्या पॅथॉलॉजी विभागाच्या प्रमुख झाल्या, १९५८ मध्ये पूर्ण प्राध्यापक. १९५६ मध्ये यकृताच्या आणखी एका दुर्मिळ आनुवंशिक विकाराचे वर्णन त्यांनी केले. तो आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी लग्न केले नाही. केस विस्कटलेले, कपड्यांकडे लक्ष नाही, तोंडात सिगारेट आणि तिची राख टेबलावर, असे त्यांचे ध्यान असे. पुरुष सहकाऱ्यांपैकी काहींना ते खटके. पुरुष प्रोफेसराच्या अशाच अवताराला लोक विद्वत्ता म्हणतात! न्यू जर्सीच्या डोंगरात त्यांचे एक शेतघर होते. तिथली चूल त्यांनी स्वतः बांधली, छपरही स्वतः घातले. त्या डोंगर चढत, नाव वल्हवत आणि तरुण डॉक्टरांना तिथे बोलावून खाऊ-पिऊ घालत. शेवटच्या काळात त्यांनी लिहिले ते या आजाराच्या तरुण रुग्णांविषयी, म्हणजे जी मुले शाळेचे तोंडही पाहणार नाहीत असे त्यांच्या उमेदीच्या काळात समजले जाई आणि आता मिसरूड फुटण्याच्या वयाला पोचली होती त्यांच्याविषयी. ३ मार्च १९६३ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय ६१. तंबाखूविषयी निपाणीकरांना आम्ही काय सांगावे?

त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी कॅनडात टोरांटोच्या मुलांच्या इस्पितळात डॉ. डग्लस क्रोझियर यांनी नेमके उलटे करून पाहिले. मुलांना सगळ्यांसारखे जेवू द्या, पूर्ण सायीचे दूध, लोणी, अंडी सर्व द्या आणि ते पचवायला लागतील तेवढे एंझाइम सोबत द्या, अशी त्यांची रीत होती. १९७४ मध्ये त्यांनी आपला अनुभव प्रसिद्ध केला. पुष्कळांचा विश्वास बसला नाही. अमेरिकेतील बोस्टनच्या नामांकित दवाखान्यात जुनाच कमी स्निग्धाचा आहार चालू राहिला. १९८८ मध्ये टोरांटोच्या मेरी कोरी आणि दोन्ही शहरांतील डॉक्टरांनी मिळून हजारच्या आसपास रुग्णांची तुलना केली. फुप्फुसांची ताकद दोन्हीकडे सारखीच होती, इतर उपचारही बरेचसे सारखे. टोरांटोची मुले मात्र उंच होती. बोस्टनच्या निम्म्या रुग्णांनी वयाची २१ वर्षे गाठली होती, तर टोरांटोच्या निम्म्यांनी ३० वर्षे. दोन शहरांच्या तुलनेवरून सगळा फरक तुपा-लोण्याचाच, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. हवामान, माणसे, दवाखान्याची शिस्त यांतही फरक असतो. तरी ९ वर्षांचा फरक कोणाला दुर्लक्षिता येण्यासारखा नव्हता. तोवर आम्लात न विरघळणाऱ्या आवरणाचे एंझाइमचे दाणेही मिळू लागले होते. कमी स्निग्धाचा आहार मागे पडला आणि एकूण शक्तीपैकी ३५ ते ४० टक्के स्निग्धातून मिळावी अशी शिफारस आली. एंझाइम मात्र वाटेल तेवढे देता येत नाहीत. १९९० च्या दशकात फार मोठ्या मात्रेने काही मुलांच्या मोठ्या आतड्याला इजा झाली, तेव्हापासून वजनानुसार मर्यादा घालून दिलेली आहे.

या साऱ्यात बाईंना दोष द्यावा असे आम्हाला वाटत नाही. त्यांच्या हातात टिकाऊ एंझाइम नव्हते आणि समोर पोटदुखीने कळवळणारे मूल होते. त्यांच्यामागून आलेल्यांनी मात्र हत्यार बदलल्यावरही जुनाच नियम चालवला.

हा गोऱ्या लोकांचा आजार, आपल्याकडे नसतो, असे पुष्कळ काळ मानले जाई. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून भारतातील मुलांच्या नोंदी छापून येऊ लागल्या. दिल्लीची एम्स, वेल्लोरचे सीएमसी अशा संस्थांनी या कामात लक्ष घातले, तेव्हा आपली बरीच मुले क्षय, न्यूमोनिया किंवा नुसते कुपोषण या नावाखाली हरवत होती असे दिसले. घामाची तपासणी आजही सगळीकडे होत नाही, मोठ्या शहरी जावे लागते. १९८९ मध्ये या आजाराचे जनुक सापडले, तेही टोरांटोच्या त्याच इस्पितळातील आणि अमेरिकेतील मिशिगनच्या संशोधकांना. २०१९ मध्ये मूळ दोषावरच काम करणारे तीन औषधांचे मिश्रण अमेरिकेत मान्य झाले. ते घेणाऱ्या काही मुलांचे वजन आता जास्त वाढते, म्हणून त्यांच्या लोण्याला पुन्हा आवर घालण्याची चर्चा तज्ज्ञांत चालू आहे! ती औषधे अतिशय महाग आहेत. आपल्याकडील बहुतेक मुलांची भिस्त अजून एंझाइम, प्रतिजैविके, छाती मोकळी करण्याचे व्यायाम आणि चांगले अन्न यांवरच आहे.

आज असे बाळ सापडले तर आईचे दूध बंद करीत नाहीत. दूध पाजण्याआधी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे एंझाइमचे दाणे चमचाभर सफरचंदाच्या आंबटसर गरातून देतात. दुधात ते मिसळत नाहीत, कारण दुधात त्यांचे आवरण आधीच विरघळते. पाजून झाल्यावर बाळाच्या हिरड्या बोटाने पाहतात, कारण राहिलेला दाणा तिथली नाजूक कातडी सोलवटतो. इतर बाळांना वर्षाच्या आत वरचे मीठ देत नाहीत, पण या बाळांना डॉक्टर मोजून देतात, आणि चैत्र-वैशाखात त्याची मात्रा वाढवतात. सहा महिन्यांनंतर मऊ भात, वरण, नाचणीचे सत्त्व सुरू होते. त्यात तूप घालायचे, आणि प्रत्येक वाटीआधी दाणे द्यायचे.